नॉन-टर्बो 1.2 पेट्रोल, अकरा महिने, 11,400 किमी आणि आरशातल्या दोन पीएमपी बस

गाडीचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की अर्धे लोक बाजू घेतात, अर्धे तुटून पडतात आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. 2015 ची, 1.2 लिटर, चार सिलिंडर, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेली पेट्रोल हॅचबॅक आहे. पुण्यात दर तिसऱ्या सोसायटीत एक उभी असते, तेव्हा ओळखणारे ओळखतील. साताऱ्याच्या मामाने गेल्या दिवाळीत दिली, 71,000 किलोमीटर झालेली. ‘दिली’ म्हणजे दोन लाख चाळीस हजार घेऊन दिली. नंबर अजून एमएच-11 आहे आणि त्यावरून ऑफिसात जे ऐकावं लागतं ते वेगळंच.

माझं वय 24, ही पहिली गाडी. रोज कर्वेनगर ते हिंजवडी आणि परत. वारज्याहून हायवेला लागलं की चांदणी चौकापर्यंत चढ, आणि नॉन-टर्बो गाडीची पत्रिका तिथेच कळते. एसी चालू, मागे दोन कलीग आणि चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला, तर गाडी फक्त आवाज वाढवते. मैत्रिणीच्या एक लिटर टर्बोला दोन हजार आरपीएमलाच (इंजिनचे मिनिटाला फेरे) पूर्ण जोर मिळतो, माझीचा चार हजारांच्या आसपास. म्हणजे गिअर खाली टाका, आवाज सहन करा. सवय झाली की मजा येते, पण तो पहिला महिना मी गाडीला मनातल्या मनात बरंच बोलले.

आता मूळ दुखणं. सिग्नलला थांबलं की आतला आरसा थरथरायचा. थोडाथोडका नव्हे. मागे पीएमपी उभी असली तर आरशात दोन दिसायच्या, त्यातल्या ड्रायव्हरला चार डोळे. एसीचा कॉम्प्रेसर लागला की थरथर आणखी वाढायची, कपहोल्डरमधलं पाच रुपयांचं नाणं किणकिण करायला लागायचं. गाडी चालायला लागली की सगळं शांत. घरच्यांच्या मते हे दुखणंच नव्हतं. "अगं, जुनी गाडी आहे, थरथरणारच," बाबा म्हणाले. पण कर्वे पुतळ्यापाशी, वाकडच्या पुलाखाली मिळून रोजची पंचवीस-तीस मिनिटं मी त्या आरशाकडे बघत बसते. मला ते दुखणंच होतं.

एका सर्व्हिस सेंटरला नेली. सोबत बाबा होते, ही चूक. सर्व्हिस ॲडव्हायजरने प्रश्न मला विचारले आणि उत्तरं बाबांना दिली. बाबांनी आयुष्यात स्कूटरपलीकडे काही चालवलेलं नाही, तरी ते गंभीरपणे मान हलवत होते. एस्टिमेट आलं 18,700 रुपयांचं. त्यात चारही स्पार्क प्लग, त्यांना वीज देणाऱ्या दोन कॉइल, नवी थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) आणि इंजेक्टर क्लीनिंग. कोणता पार्ट खराब आहे, हे कशावरून ठरवलं असं विचारलं, तर "मॅडम, एवढ्या रनिंगला हे होतंच" असं उत्तर मिळालं. मी फक्त प्लग बदलून घेतले, जुने मागून घेतले. त्यांची टोकं छान बिस्किटी रंगाची होती. म्हणजे पेट्रोल नीट जळत होतं, काजळी नाही, तेल नाही. 2,350 रुपये गेले आणि आरसा होता तसाच.

मग हट्टाला पेटले. 650 रुपयांचं ब्लूटूथ स्कॅनर घेतलं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावलं आणि मोबाईलवर बघत बसले. एकही एरर कोड नाही. आयडलिंगला आरपीएम सातशेच्या आसपास, जागचं हलत नाही. सिलिंडर मिस होत असता, म्हणजे एखाद्यात पेट्रोल पेटत नसतं, तर आरपीएम अडखळला असता, चेक इंजिनचा दिवा लागला असता. थ्रॉटल बॉडी गॅरेजमध्ये 500 रुपयांत साफ करून घेतली. क्लीनरचा फवारा आणि फडका, अर्ध्या तासाचं काम. पिकअप किंचित सुधारला. आरसा? नाही.

उत्तर मिळालं वारज्यातल्या एका मिस्त्रीकाकांकडे. तेही मी टायरला हवा भरायला थांबले म्हणून. त्यांनी बोनेट उघडलं, मला आत बसवलं. "हॅन्डब्रेक ओढा ताई, पहिला टाका, क्लच जरासा सोडा. आता रिव्हर्स." मी क्लच सोडला की इंजिन एका बाजूने चांगलं दोन बोटं उचलायचं आणि धप्पकन बसायचं. काका हसले. "फाउंडेशन गेलंय. इंजिन चांगलंय, त्याची गादी गेलीय."

आपण ज्याला इंजिन माउंटिंग म्हणतो त्याला गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात, हे मला चोविसाव्या वर्षी कळलं. इंजिन बॉडीला थेट बोल्टने आवळलेलं नसतं, मध्ये रबर असतं. माझ्या गाडीत उजव्या बाजूच्या माउंटिंगमध्ये रबराच्या आत द्रवही असतो. ते रबर चिरलं आणि द्रव गळून गेला की इंजिनची प्रत्येक थरथर सरळ बॉडीत, तिथून काचेत, तिथून आरशात. खाली टॉर्च मारून बघितलं तर माउंटिंगखाली सुकलेला काळा ओघळ होता. एवढे महिने तो तिथेच होता, आणि 18,700 च्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

पार्ट मी स्वतः नाना पेठेत जाऊन आणला. पहिल्या दुकानात साधं रबर 700 ला, दुसऱ्यात ओरिजिनल 1,850 ला. इथे कंजूषपणा केला नाही, कारण साधं भरीव रबर टाकलं तर थरथर राहणार, मग आटापिटा कशाला? काकांनी ऑइल सम्पखाली (इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं) लाकडाची फळी ठेवून जॅक लावला, इंजिनचं वजन त्यावर तोललं, तीन बोल्ट काढले आणि जुनं माउंटिंग माझ्या हातात दिलं. दाबलं तर शिळ्या पावासारखं चिरलं. मजुरी 400. स्टार्ट केली, एसी लावला. नाणं गप्प.

मेपर्यंतचं एवढंच होतं आणि मी या गाडीला पाचपैकी चार देऊन मोकळी होणार होते. पण मग हात खाजायला लागले.

पॉवर वाढवायची का, याचा विचार करून झाला. टर्बोमध्ये रिमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, हवेचा दाब वाढवता येतो, म्हणून तिथे फरक जाणवतो. नॉन-टर्बोत वाढवायला दाबच नाही, हाती लागतं ते नखाएवढं. मित्राने हवेचा उघडा कोन फिल्टर बसवला, तो बोनेटखालची गरम हवा ओढतो आणि आवाज असा करतो की वाटतं गाडी पळतेय. मी 280 रुपयांचा साधा कागदी फिल्टर घेतला.

हेडलाइटला रिले वायरिंग केलं, 950 रुपये. बल्ब तेच 60/55 वॅटचे, पण करंट आता स्विचमधून फिरून न येता बॅटरीकडून सरळ येतो. उजेड पांढरा दिसतो, समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. पैसे वसूल.

टायर मात्र डोक्याला ताप झाले. मूळचे 165/80 आर 14 (165 मिलिमीटर रुंद, भिंत रुंदीच्या 80 टक्के, 14 इंची चाक), 2019 सालचे, कडा तडकलेल्या. याच गाडीच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी 185/65 आर 15 देते, म्हणून तेच घेतले, अलॉयसकट 33,000 (अलॉय वापरलेले). दोन्ही चाकांच्या व्यासात जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक, त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. विमा कंपनीलाही कळवलं. पण टायरची भिंत बारा मिलिमीटरने कमी झाली, आणि ते बारा मिलिमीटर पुण्यात प्रत्येक खड्डा मोजून दाखवतात. ॲव्हरेज 16.4 वरून 15.6 वर आलं. थोडा वाटा पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा असेलच, त्यात लिटरमागे पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते. जूनमध्ये मी वहीत लिहून ठेवलं होतं, "टायर: मूर्खपणा."

ते खोडलंय. ऑगस्टमध्ये साताऱ्याहून येताना नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडले आणि पाऊस असा की वायपर हरले. नवले पुलापर्यंतचा तो लांबलचक उतार, पुढे ट्रकचे लाल दिवे एकदम पेटले. ब्रेक दाबला, गाडी सरळ रेषेत थांबली, मागच्या सीटवरच्या मामीची पिशवीसुद्धा पडली नाही. जुन्या टायरवर काय झालं असतं याचा अंदाज मला होता, कारण जानेवारीत कोरड्या रस्त्यावर त्यांनी एकदा वाकडी चाल दाखवली होती.

त्याच उतारावर बाबा म्हणाले, "न्यूट्रल कर, पेट्रोल वाचेल." स्कूटरच्या काळातली शिकवण. मी गाडी तिसऱ्यात ठेवली आणि मोबाईलवर स्कॅनर दाखवला. गिअरमध्ये, पाय उचललेला, इंधनाचा आकडा शून्य. इंजेक्टर पेट्रोल सोडतच नाहीत, चाकंच इंजिन फिरवतात, वर ब्रेकही वाचतात. न्यूट्रल केलं असतं तर आयडलिंगपुरतं पेट्रोल जळत राहिलं असतं. बाबा पुलापर्यंत त्या शून्याकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी सोसायटीतल्या जोशीकाकांना त्यांनी हेच समजावलं, स्वतः शोधल्यासारखं.

एकूण दुरुस्ती आणि बदल मिळून 40,000 च्या आत आहे, त्यात प्लगचे 2,350 मी अजून माफ केलेले नाहीत. चांदणी चौकाला अजूनही तिसरा टाकावा लागतो.

चार जुन्या 14 इंची डिस्क (चाकांच्या रिम) गॅलरीत पडून आहेत. एकही वाकडी नाही. टायर भंगारात गेले, डिस्कमध्ये आई तुळस लावायची म्हणते. 3,200 ला देईन. घासाघीस नको, आधीच कमी सांगितलेत.