ऑटोडॉक व्हिना: फुकटची चाळण, पण विद्युतभारापुढे आंधळी

शिरपूर, धुळे, जळगावच्या एम.फार्म. विभागांना डॉकिंगचं, म्हणजे औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत कसा आणि किती घट्ट बसेल याचा संगणकावर अंदाज घेण्याचं, महागडं पॅकेज परवडत नाही. व्हिना असताना त्याची गरजही नाही. स्क्रिप्स रिसर्चमध्ये तयार झालेलं हे सॉफ्टवेअर २०१० पासून वापरात आहे, फुकट आहे आणि ग्राफिक्स कार्ड नसलेल्या डेस्कटॉपवर चालतं. ज्या रोगांच्या औषधांत कंपन्यांना नफा दिसत नाही, त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

काळा आजाराचं नेहमीचं लक्ष्य घेऊ: लीशमॅनिया या परजीवीचं ट्रायपॅनोथायोन रिडक्टेज हे विकर (एन्झाइम), प्रथिनांच्या रचनांच्या पीडीबी संग्रहातली रचना २जेके६. बहुतेकांचं काम तयारीतच बिघडतं. रचनेच्या फाइलमधून पाणी काढताना 'हेटअॅटम'च्या (प्रथिनाबाहेरच्या अणूंच्या) सगळ्या ओळी उडवल्या की विकराचा मदतनीस रेणू एफएडीही जातो. तो ठेवायलाच हवा. दुसरं, फाइल हलकी करायला प्रथिनाच्या दोन साखळ्यांपैकी बी साखळी काढू नका. सिस्टीन ५२ आणि ५७ एका साखळीतले असले, तरी त्याच खाचेतलं हिस्टिडीन ४६१ दुसऱ्या साखळीतून येतं. अर्धी खाच गायब झाली तरी व्हिना तक्रार न करता आकडे देतं, म्हणून ही चूक थेट प्रबंधापर्यंत पोचते.

रेणू जिथे बसवून पाहायचा ती शोधाची चौकट साधारण २२ ते २५ अँगस्ट्रॉम बाजूची ठेवा. घनफळ २७,००० घन अँगस्ट्रॉमच्या वर गेलं की व्हिना इशारा देतं. तेव्हा एक्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून घ्यायचा तो आकडा) मूळच्या ८ वरून ३२ करा. ज्या रचनेत निरोधक बसलेला आहे, तिच्यात तोच परत बसवून पाहा. मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत आला नाही, तर पुढे जाऊ नका.

आता खरी उणीव. व्हिनाच्या मूळ गुणांकनात विद्युतभार धरलाच जात नाही. माणसाचं मिळतंजुळतं विकर ग्लुटाथायोन रिडक्टेज आणि परजीवीचं हे विकर यांत फरक नेमका तिथेच आहे: माणसाच्या खाचेत आर्जिनिनचा धन भार, परजीवीच्या खाचेत ग्लुटामेटचा ऋण. त्यामुळे 'परजीवीला लागतं, माणसाला नाही' हा निष्कर्ष फक्त व्हिनाच्या आकड्यांवरून काढता येत नाही. १.२ आवृत्तीत ऑटोडॉक ४ चं गुणांकनही आहे आणि त्यात भार मोजला जातो. त्यासाठी ऑटोग्रिड या जोड-प्रोग्रामने खाचेचे नकाशे आधी करायचे कष्ट पडतात, पण निवडलेल्या रेणूंसाठी ते घ्याच.

व्हिनाचा आकडा जितका जास्त उणे, तितकी पकड घट्ट; पण उणे ८.१ आणि उणे ८.६ यांत विजेता शोधू नका. निर्मात्यांनीच प्रमाण त्रुटी २.८५ किलोकॅलरी प्रति मोल दिली आहे. मोठ्या रेणूंना गुणही फुकटचे जास्त मिळतात, तेव्हा जड (हायड्रोजन सोडून बाकीच्या) अणूंच्या संख्येने भागून बघा. सातपुड्यातल्या वनस्पतींचे फ्लॅव्होनॉइड इथे आवडीने डॉक केले जातात. त्यांतलं क्वेरसेटिन जवळजवळ प्रत्येक खाचेत छान बसतं, म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

मे महिन्यात जळगावच्या उन्हात प्रोसेसर तापून मंदावतो आणि लाइटही जाते. एका रेणूला एक आउटपुट फाइल, आणि तयार फाइल असेल तर तो रेणू वगळायचा, अशी स्क्रिप्ट लिहा; काम अडलं तिथूनच सुरू होतं.

गाळून उरलेले दहा-वीस रेणू मॅक्रोफेज या पेशींमधल्या अॅमॅस्टिगोटवर (परजीवीच्या पेशीत राहणाऱ्या रूपावर) तपासायला लखनौच्या सीडीआरआय या औषध संशोधन संस्थेसारख्या संस्थेशी सहकार्य लागेल. तो पत्रव्यवहार डॉकिंग संपल्यावर नाही, विषय ठरतानाच सुरू करा.