पाटी नसलेलं गॅरेज आणि माझ्या चेतकची दोन सील

ठाण्यात चराईतल्या आमच्या सोसायटीत माझ्या चेतकला दोन वर्षं ‘फवारणीची गाडी’ म्हणत होते. सकाळी किक मारली की तळमजल्यावरच्या काकू खिडक्या लावून घ्यायच्या. स्कूटर 1991 ची. लॉकडाउनमध्ये दीड वर्ष जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभी होती, बाहेर काढली तेव्हापासून हा धूर. टू-स्ट्रोक म्हटल्यावर थोडा धूर येणारच, पण हा पांढरा ढग होता आणि त्याला टू-टीचा (म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचा) नव्हे, जळक्या गिअर ऑइलचा वास होता. तो फरक तेव्हा माझ्या नाकाला कळला नाही.

एका गॅरेजवाल्याने ‘पिस्टनच्या रिंगा गेल्यात’ म्हणून बोअर मारून, म्हणजे सिलेंडर आतून कोरून, नवा पिस्टन घातला, 4,200 रुपये घेतले. आठ दिवस बरी चालली, किंवा पैसे दिल्यामुळे मला तसं वाटलं. मग ढग परत. पुन्हा गेलो तर म्हणाला, ‘साहेब, भंगारात द्या, ॲक्टिव्हा घ्या.’

मग कुणीतरी वागळे इस्टेटमधल्या एका मिस्त्रींकडे पाठवलं. गॅरेजला पाटी नाही. एक लेथवाला आणि एक पावडर कोटिंगवाला यांच्या मधलं अर्धं उघडं शटर, आत दोन व्हेस्पा, एक येझदी आणि भिंतीला टेकून ठेवलेली इंजिनं. मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी स्कूटर चालूसुद्धा केली नाही. गिअर ऑइल कधी टाकलं विचारलं. पाच आठवड्यांपूर्वी, मी म्हणालो. त्यांनी लेव्हलचा बोल्ट खोलला, थेंब आला नाही. मग फरशीकडे बोट दाखवून म्हणाले, ‘खाली गळलं नाही, मग गेलं कुठे?’ इतकंच निदान.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवा आधी पिस्टनखाली क्रँककेसमध्ये (पिस्टनमुळे फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, असतो त्या पेटीत) येते आणि पिस्टन खाली येताना तिला दाबून वर ढकलतो. म्हणजे क्रँककेस हाच पंप. क्रँकची दोन टोकं जिथून बाहेर पडतात तिथे एकेक रबरी सील. क्लचच्या बाजूचं सील गेलं की हा पंप गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून जाळतो. मॅग्नेटच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या चाकाच्या, बाजूचं गेलं की बाहेरची हवा ओढतो, मग गरम इंजिन ॲक्सिलरेटर सोडला तरी ओरडत राहतं आणि दुर्लक्ष केलं तर एक दिवस पिस्टन जाम. माझी दोन्ही गेली होती. चालती गाडी सील लवकर मारत नाही, उभी गाडी मारते. रबराची ओठी, म्हणजे क्रँकला टेकणारी कड, एकाच जागी चिकटून सुकते.

मॅग्नेटकडचं सील मॅग्नेट आणि कॉइल प्लेट काढून बाहेरूनच बदलता येतं. क्लचकडचं मात्र इंजिनाचे दोन भाग केल्याशिवाय हाती लागत नाही, आणि इथेच सगळे रिंगांवर भागवतात.

इंजिन खोललं त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून गेलो. निघालेलं सील मिस्त्रींनी तळहातावर ठेवलं. ओठी नखासारखी कडक, मागची बारीक स्प्रिंग गंजून दोन जागी तुटलेली. पण दाखवण्यासारखी गोष्ट पुढेच होती. क्रँकवर सील जिथे घासतं तिथे त्यांनी मला नख फिरवायला लावलं. नख अडकलं. तीस वर्षांत रबराने पोलादात खाच पाडली होती! तिथेच नवं सील बसवलं तर ते पहिल्या दिवसापासून गळणार. म्हणून त्यांनी नवं सील अर्धा मिलिमीटर बाहेर ठेवलं, ओठी कोऱ्या जागी बसावी म्हणून. हा अर्धा मिलिमीटर आधीच्या गॅरेजमध्ये कुणाला सुचला असता असं मला वाटत नाही.

सील दोन प्रकारची मिळतात. काळं नायट्राइल 40 रुपयांना, तपकिरी व्हिटॉन 120 ला. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, त्यात व्हिटॉन जास्त टिकतं, म्हणून मिस्त्री तपकिरीच लावतात आणि त्यावर घासाघीस करू देत नाहीत. पिस्टन आणि क्रँक जोडणारा कनेक्टिंग रॉडही वाजत होता. शेजारच्या लेथवाल्याने प्रेसवर क्रँक उघडून नवा रॉड घातला आणि डायल गेज लावून क्रँक ट्रू केला, म्हणजे एका रेषेत आणला. नवी बेअरिंग बसवताना केस शेगडीवर तापवली, पाण्याचा थेंब तव्यावरच्यासारखा नाचेपर्यंत, आणि बेअरिंग हातानेच आत गेली. सील मात्र केस गार झाल्यावर, ओठीला ग्रीस लावून.

आता माझी आगाऊगिरी. माझा धंदा बीपी मोजायची यंत्रं दुरुस्त करायचा. हवा कुठून सुटते ते शोधणं हीच माझी रोजीरोटी. त्याच आठवड्यात कॅनडातला एक म्हातारा जुन्या स्नोमोबाईलचं इंजिन बांधतानाचा व्हिडिओ पाहिला होता. त्या गाड्यांचं दुखणं तेच: बर्फ वितळला की गाडी शेडमध्ये, हिवाळ्यापर्यंत सील वाळलेली. इंजिन जोडल्यावर त्याने सगळी तोंडं बंद करून आत सहा पौंड हवा भरली आणि घड्याळ लावून बसला. सहा पौंड म्हणजे साधारण 310 मिलिमीटर पारा. बीपीची डायल 300 पर्यंत जाते. मी दुसऱ्या दिवशी फुगा, नळी आणि डायल घेऊन गॅरेजात हजर.

मिस्त्री आधी हसले. ‘साहेब, स्कूटरला ब्लडप्रेशर?’ पण हसता हसता त्यांनीच एका जुन्या प्लगचं पोट कोरून नळीसाठी तोटी केली. सायलेन्सरच्या आणि कार्बोरेटरच्या तोंडावर रबर आणि पट्टी आवळली, पिस्टन खाली आणला, मी फुगा दाबत 300 वर नेलं. एका मिनिटात काटा 220. दोघांचे चेहरे पडले. साबणाचा फेस लावत गेलो. गिअर ऑइलच्या भोकावर फेसाचा पडदा धरला, तो फुगला नाही, म्हणजे क्लचकडचं सील पक्कं. मॅग्नेटकडेही काही नाही. बुडबुडे आले सिलेंडरच्या बुडाशी, पॅकिंगमधून. एक नट पुरता आवळलेलाच नव्हता. पोऱ्याला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. पॅकिंग बदलून पुन्हा 300. सहा मिनिटांनी 290. माझ्या दुकानात एवढ्यावर मशीन गिऱ्हाइकाला देतो.

तक्रारी आहेतच. दहा दिवस सांगून पाच आठवडे लावले. फोन उचलत नाहीत. पोऱ्या उचलतो आणि ‘मिस्त्री जेवायला गेलेत’ सांगतो, सकाळी साडेदहालाही. डाव्या डिकीवर नवा ओरखडा आहे, तो ‘आधीचाच’ आहे म्हणे. बिल सिगरेटच्या पाकिटाच्या पाठीवर: पिस्टन-रिंग 1,450, बोअर 600, रॉड आणि प्रेस 1,900, बेअरिंग 1,050, सील 240, पॅकिंग 150, क्लच प्लेट आणि किरकोळ 610, मजुरी 4,500. एकूण 10,500. आधीच्या गॅरेजात बसवलेला पिस्टन सैल निघाला, म्हणून तो खर्च दुसऱ्यांदा. महाग म्हणवत नाही, पण स्वस्तही नाही, आणि पावतीचा आग्रह धरणाऱ्याने जाऊच नये.

पहिल्या 500 किलोमीटरला पेट्रोलमध्ये लिटरमागे 40 मिली टू-टी घालायला सांगितलं होतं, नंतर 20. ते 500 संपल्यावर रविवारी उपवनवरून येऊरला चढवली. पूर्वी अर्ध्या चढावर ती फर्स्टला यायची आणि मागचा रिक्षावाला शिव्या घालायचा. या वेळी सेकंडवर गेली, वर पोचून ॲक्सिलरेटर सोडला तर लगेच शांत. इंजिन बंद पडलं नाही, पुन्हा किक मारावी लागली नाही; पाच मिनिटं नुसता तो टकटक आवाज ऐकत उभा राहिलो. प्लग काढून पाहिला, चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा, म्हणजे आत नीट जळतंय.

बीपीची डायल अजून त्या गॅरेजातच आहे, खिळ्याला टांगलेली. दोनदा मागितली. ‘एका लॅम्ब्रेटाचं काम आलंय, ते झालं की देतो’ म्हणतात.