गाडीसाठी डीसी क्लॅम्प मीटर: पावसाळाभर आणि पुढे वापरल्यानंतर

डीसी करंट (बॅटरीचा, एकाच दिशेने वाहणारा) मोजणारा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारा, मी पावसाळा लागायच्या आधी नाशिकच्या एमजी रोडवरून घेतला. आता निफाडकडे कडाक्याची थंडी पडलीय आणि मीटर अजून गाडीतच असतो. गाडी जुनी डिझेल हॅचबॅक, रोजचा रस्ता द्वारका ते अंबड. घेणाऱ्यांनी एक नक्की बघावं: स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर जबड्याने फक्त एसी करंट मोजतात. गाडीसाठी डीसीच लागतो.

घ्यायचं कारण डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा. रात्री हेडलाइट, ब्लोअर, वायपर एकदम चालू केले की तो मंद लाल दिसायचा, दिवसा काही नाही. गॅरेजमध्ये निदान झालं, डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) गेला, बदला.

रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवत होती. १२.६ च्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. त्यामुळे बॅटरी बाद नव्हती. इंजिन चालू करून सगळा लोड टाकला तर १३.४. हे कमीच, पण डायनॅमो मेला असता तर आकडा बाराकडे घसरत राहिला असता. मग एक प्रोब डायनॅमोच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि दुसरा बॅटरीच्या प्लसवर धरला. एकाच वायरची ही दोन टोकं, लोडवरसुद्धा फरक ०.२ व्होल्टच्या वर जायला नको. माझ्याकडे आला ०.९! अर्थिंगच्या बाजूला (डायनॅमोची बॉडी ते बॅटरीची मायनस) मात्र जेमतेम ०.०४.

इंजिन बंद करून बॅटरीची मायनस काढली (डायनॅमोचा तो बोल्ट एरवी कायम जिवंत असतो, पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात) आणि बोल्टवरची रबरी टोपी मागे सरकवली. नटाखाली हिरवा थर साचला होता, वायरचा लग (टोकाची धातूची कडी) एका बाजूने काळा पडलेला आणि बोटाने हलत होता. डायनॅमो १४.३ व्होल्ट देत होता, त्यातला जवळपास एक व्होल्ट या सांध्यात जात होता. दिव्याचं एक टोक डायनॅमोकडे आणि दुसरं चावीमार्गे बॅटरीकडे असतं, म्हणून तेवढ्या फरकावर तो मंद पेटायचा. वायरमनकडून नवीन लग दाबून घेतला. लोडवर बॅटरीला १४.२ मिळायला लागले, दिवा गेला, डायनॅमो तोच आहे.

चालू इंजिनात बॅटरीचं टर्मिनल काढून डायनॅमो तपासायची पद्धत अजून काही ठिकाणी चालते. कृपा करून कुणालाही तसं करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू (गाडीचा संगणक) उडू शकतो. मीटर असताना त्याची गरजच नाही.

बहिणीच्या बीएस६ गाडीत आकडे वेगळेच दिसले. सपाट रस्त्यावर १२.८, आणि कसारा घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की १४ च्या वर. हा बिघाड नाही. अशा गाड्यांत संगणकच चार्जिंग कमी-जास्त करतो, उतारावर फुकटची ताकद बॅटरीत भरून घेतो. तिथे ओबीडी ॲडॅप्टर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा) लावून पी ०५६२ (व्होल्टेज कमी) किंवा पी ०६२० (डायनॅमोचं कंट्रोल सर्किट) असा कोड आहे का ते आधी बघावं. कोडवरून सुद्धा लगेच पार्ट बदलू नये. ०५६२ ढिल्या टर्मिनलमुळेही येतो. आणि ॲडॅप्टर सॉकेटमध्ये तसाच ठेवू नका, तो गाडी बंद असतानाही करंट खातो.

मीटरच्या तक्रारी आहेत. जबडा जाड आहे, दाटीच्या इंजिनात डायनॅमोच्या वायरपर्यंत पोचत नाही. शून्य सरकतं, त्यामुळे डीसी करंट मोजण्याआधी दर वेळी झिरोचं बटण दाबावं लागतं. उभ्या गाडीत करंट झिरपतोय का हे बघायला तो काठावर पास होतो: गाडी लॉक करून अर्धा तास थांबल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक, पण तेवढ्या खाली आकडा नाचतो. तिथे सिरीजमध्ये (बॅटरीची वायर सोडवून मधे) लावलेला साधा मल्टीमीटर जास्त भरवशाचा. सोबतचे प्रोब बोथट, बोल्टवरून घसरतात. मी टोकदार वेगळे घेतले.

तीन हजारांच्या आत मिळाला. जुनी गाडी स्वतः सांभाळणाऱ्याने घ्यावाच. नवीन बीएस६ गाडी वॉरंटीत असेल तर आधी ॲडॅप्टर घ्या, मीटर नंतर.