टामिया एक्स्ट्रा थिन: प्लास्टिकच्या मॉडेल जहाजाचा हल (धड) जोडायला हाच गोंद

४० मिलीची बाटली, ब्रश झाकणातच. १:३५० मापात २५१ मीटरची जर्मन युद्धनौका बिस्मार्क जवळजवळ ७२ सेंटिमीटर भरते, म्हणून हलचे दोन्ही भाग आधी रबर बँडने कोरडेच आवळा. मग ब्रश फटीला नुसता टेकवा, गोंद आपोआप आत ओढला जातो. पाच-सहा सेंटिमीटर झाले की पुढे सरका. सांध्यावर बोट अजिबात नको. गोंद त्याखाली शिरतो आणि मऊ झालेल्या प्लास्टिकवर ठसा कायमचा उमटतो. चोवीस तासांनी ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासा. पितळी रेलिंगला मात्र हा चालत नाही, तिथे सुपरग्लूच. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत सुपरग्लू झटकन धरतो, तेव्हा थेंबभरच काढा. हलचा सांधा मात्र टामियाइतका स्वच्छ दुसरं काही देत नाही. वास उग्र, खिडकी उघडी हवीच.