हायकू ओएस (आर१ बीटा ५): रोज वापरायची नाही, पण बघाच

हायकू म्हणजे विंडोज, लिनक्ससारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम (ओएस). आधीच सांगतो, हे लिनक्स नाहीये. हायकूचं नाव काढलं की निम्मे लोक "अजून एक डिस्ट्रो (लिनक्सचीच एखादी आवृत्ती) का" म्हणून पुढे जातात. कर्नल (ओएसचा गाभा) वेगळं, फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली ठेवायची व्यवस्था) वेगळी, डेस्कटॉप वेगळा, आणि महत्त्वाचं म्हणजे हे सगळं एकमेकांसाठी लिहिलेलं, चार ठिकाणाहून आणून जोडलेलं नाही. वाय-फाय वगैरेचे ड्रायव्हर मात्र बीएसडी नावाच्या दुसऱ्या ओएसवाल्यांकडून घेतलेत आणि ते बरंच केलं, नाहीतर निम्म्या लॅपटॉपवर नेटच चाललं नसतं.

हायकूचं मूळ म्हणजे बीओएस. ऍपल सोडून आलेल्या झां-लुई गासेने १९९० मध्ये बी नावाची कंपनी काढली, त्यांची ही ओएस. १९९६ मध्ये ऍपल नव्या ओएसच्या शोधात होती तेव्हा बीओएस घ्यायचं जवळपास ठरत आलेलं, पण पैशांवरून फिसकटलं, ऍपलने स्टीव्ह जॉब्सची नेक्स्ट कंपनी घेतली, तिच्यासोबत जॉब्स परत आला, पुढचं माहितीच आहे. २००१ मध्ये पाम (हातात मावणारे छोटे कॉम्प्युटर बनवणारी कंपनी) ने बी ची मालमत्ता १ कोटी १० लाख डॉलरला उचलली आणि बीओएस संपली. त्याच वर्षी काही चाहत्यांनी ती पहिल्यापासून परत लिहायला घेतली, त्याचंच हे हायकू. बीटा ५ आली सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षं होऊन पण अजून बीटाच, यावर हसायचं तर हसा, पण बहुतेक काम फावल्या वेळेतलं आहे हे पण धरा.

आता खरी गोष्ट, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो. फाइल सिस्टीम. हायकूच्या फाइल सिस्टीमचं नाव बीएफएस, तिच्यामध्ये प्रत्येक फाइलला तुम्ही स्वतःची माहिती चिकटवू शकता, ऍट्रिब्यूट म्हणतात त्याला, आणि त्याचा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) फाइल सिस्टीमच ठेवते. ऐकायला रुक्ष वाटतं पण वापरताना काय होतं बघा. ईमेल म्हणजे एक साधी फाइल, पाठवणारा, विषय, तारीख, वाचलं की नाही हे सगळं त्या फाइलचे ऍट्रिब्यूट. कॉन्टॅक्ट पण तसेच, एक माणूस एक फाइल. त्यामुळे इनबॉक्स नावाचं वेगळं ऍप लागतच नाही, ट्रॅकर (म्हणजे त्यांचा फाइल मॅनेजर) उघडायचा, पाहिजे ते कॉलम लावायचे, झाला इनबॉक्स. गाण्यांच्या फोल्डरला गायक, अल्बम, वर्ष असे कॉलम लावले आणि गायकाचं नाव चुकलं असेल तर तिथेच त्या नावावर क्लिक करून टाइप करायचं, फाइलचं नाव बदलतो ना अगदी तसंच. आणि क्वेरी, म्हणजे सेव्ह करून ठेवायचा शोध! "न वाचलेले मेल" अशी क्वेरी सेव्ह करून तिची विंडो उघडी ठेवा, नवीन मेल आलं की आपोआप त्यात दिसतं, वाचलं की निघून जातं. रिफ्रेश वगैरे भानगड नाही. बीओएसमध्ये नव्वदच्या दशकातच हे चालू होतं! ज्या डॉमिनिक जाम्पाओलोने बीओएससाठी मूळ बीएफएस लिहिली तो नंतर ऍपलमध्ये जाऊन स्पॉटलाइटवर (मॅकमधल्या शोधावर) काम करत होता, यात सगळं आलं.

दोन खोचा आहेत. नवीन इंडेक्स बनवला तर आधीच्या फाइली त्यात आपोआप येत नाहीत, टर्मिनलमध्ये रीइंडेक्स चालवावं लागतं. आणि फॅट फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर फाइल कॉपी केली की ऍट्रिब्यूट गेले, तिथे ते ठेवायला जागाच नाही. हायकूमध्येच झिप करून न्या, मग टिकतात.

विंडो पिवळ्या टॅबच्या. विंडोज की दाबून एका विंडोचा टॅब दुसरीच्या टॅबवर ओढला की दोन्ही एकत्र चिकटतात, ब्राउझरमधल्या टॅबसारख्या, पण कुठल्याही दोन ऍपच्या. टर्मिनल आणि एडिटर असे जोडून ठेवायची इतकी सवय लागते की दुसरीकडे गेलं की हात उगाच तेच करायला जातो. प्रत्येक विंडोचा वेगळा थ्रेड (स्वतंत्र चालणारं काम) असल्यामुळे मशीन जुनं असलं तरी क्लिकला लगेच उत्तर मिळतं, ते गोल फिरणारं चक्र बघत बसावं लागत नाही.

अपडेटचं पण आवडलं. प्रोग्रामचं पॅकेज सुटं होऊन डिस्कभर पसरत नाही, ती एचपीकेजी (हायकूचं पॅकेज) फाइलच जशीच्या तशी रीड-ओन्ली माउंट होते, म्हणजे आतलं वाचता येतं पण बदलता येत नाही. अपडेटने काही बिघडलं तर बूट होताना स्पेस (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून धरायची आणि मेनूतून आधीची अवस्था निवडायची.

मग रोज का नाही वापरायची? थ्रीडी ऍक्सिलरेशन नाही, ग्राफिक्सचं सगळं ओझं सीपीयूवर. लॅपटॉप झाकला तर झोपत नाही, चालूच राहतो. स्वतःचा ब्राउझर वेबपॉझिटिव्ह हलका आहे पण जड साइटवर धापा टाकतो, मग फॅल्कन नाहीतर ग्नोम वेब टाकून घ्यायचा. नेटिव्ह ऍपमध्ये आपलं मराठी नीट उमटत नाही, जोडाक्षरं सुटी पडतात. आणि लॉगिन प्रकारच नाही, एकच युजर आणि त्याला सगळे अधिकार. हे शेवटचं काहींना भयंकर वाटेल, आणि बँकेच्या कामासाठी मी पण इथे येणार नाही. पण मशीन माझं, माझ्या टेबलावर, तर सुरू केल्यावर अकाउंट उघडा, क्लाउडला जोडा, जाहिराती बघा हे काहीच विचारत नाही, याचं सुख वेगळं आहे. पर्सनल कॉम्प्युटर म्हणायचं आणि त्याने दर वेळी कंपनीची परवानगी मागायची, हे मला कधी पटलंच नाही.

बघायची असेल तर पेनड्राइव्हवरून बूट करा, इन्स्टॉल न करता पूर्ण डेस्कटॉप चालतो. ६४-बिटचीच घ्या. ३२-बिटची फक्त जुने बीओएसचे प्रोग्राम चालवायचे असतील तरच, आणि खरंच चालतात ते, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल डबल-क्लिक केली की उघडते.