मट: घरी बांधलेला टपालवाला
मायकल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला मट हा टर्मिनलमधला, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत चालणारा, ईमेल प्रोग्राम रविवारी सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधला. कॉन्फिगर (सोयी निवडणं), मेक (प्रत्यक्ष बांधणं), सगळं सुरळीत. चहा उकळेस्तोवर तयार. पण सर्व्हरशी बोलेचना! चूक माझीच: आयमॅप (सर्व्हरवरची टपाल वाचायची पद्धत) आणि एसएसएल (सुरक्षित जोडणी) कॉन्फिगर करतानाच मागून घ्यावे लागतात. ‘मट -व्ही’ म्हटलं की असलेल्या सोयींपुढे अधिक, नसलेल्यांपुढे उणे दिसतं. ते आधी बघायला हवं होतं. दुसऱ्या खेपेला हेडर कॅशही (पत्रांच्या मथळ्यांचा साठा) घातली, आता भलामोठा इनबॉक्स झटकन उघडतो. एनकर्सेस ही टर्मिनलवर मजकूर मांडणारी लायब्ररी रुंद अक्षरांची घेतली म्हणून मराठी विषय वाचता येतात. जोडाक्षरांपाशी ओळ जरा सरकते, पण ते टर्मिनलचं दुखणं. मी खूश आहे. आईच्या लॅपटॉपवर मात्र बसवणार नाही.