उंदीर पळवायचं मशीन आणि माझे ८,६५० रुपये

लोक हसतील म्हणून तीन आठवडे गप्प होतो. पण हे मशीन मला विकणारी जोडगोळी आता वसमतकडं फिरतेय असं कळलं, म्हणून लिहितोय.

परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव. हरभऱ्याचे घाटे भरायला लागले की उंदरं सुटतातच. यंदा घुशींनी आखाड्याची, म्हणजे शेतातल्या घराची भिंतसुद्धा पोखरली, ठिबकच्या नळ्या कुरतडल्या त्या वेगळ्याच. वैतागलो होतो.

अशात ते दोघं आले. गळ्यात ओळखपत्र, हातात रजिस्टर. आवाजानं उंदीर पळवणारं सौर मशीन, अर्धं अनुदान, महिन्यात खात्यावर जमा. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. दोन मशीन प्रत्येकी ३,७५०, गोळ्या ९००, अनुदानाची 'नोंदणी' २५०. ५,००० फोनवरून दिले, ३,६५० रोख. मी अडाणी नाही, बी.एस्सी. आहे. पण फॉर्म भरून भरून अशी सवय लागलीय की रजिस्टर दिसलं की सही करतो.

जळतंय ते वेगळ्याच गोष्टीनं. त्यांनी मशीन बांधावर रोवलं, बटण दाबलं आणि आम्ही पाच जण दहा मिनिटं बिळांकडं बघत उभे. एकही उंदीर बाहेर नाही. "बघा काका, आवाजानं आतच गारठलेत!" मी मान डोलावली. सकाळचे साडेअकरा वाजले होते हो! भर उन्हात शेतातला उंदीर कधी फिरतो? आई म्हणाली, "रात्री लावून बघ की." तिलाच गप्प बसवलं मी.

ते गेल्यावर चार दिवसांनी संध्याकाळी सगळी बिळं मातीनं बुजवली. सकाळी उकरलेली दिसतील तीच चालू, हे आम्हाला वडिलांपासून माहीत. मशीनपासून चार हातांवरची सात उघडी! माणसाला ऐकू न येणारा असला बारीक आवाज मातीत फारसा शिरत नाही, हवेतही लवकर विरतो.

गोळ्यांवर लेबल नव्हतं. बायकोनं त्या कणगीमागं ठेवल्या होत्या. ॲल्युमिनिअम फॉस्फाइड असलं तर ओलाव्यानं जीवघेणा वायू सुटतो. घरात असलं काही ठेवू नका.

कृषी कार्यालय म्हणालं, मशीन आमच्याकडं येत नाही. मग गोळ्या? पक्कं बिल आणा. बिल असतं तर रडलो असतो का? पोलीस म्हणाले, "राजीखुशीनं दिले ना?" वर अर्जाच्या दोन झेरॉक्स मागितल्या, पोच दिली नाही. साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर, साहेब जेवायला. चकरांचं पेट्रोलच ४८० रुपये. आणि फोनवरून गेलेल्या पैशासाठी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवायचं असतं, हे बँकेतल्या पोरीनं मला एकविसाव्या दिवशी सांगितलं.

उंदरांसाठी विष घ्यायचंच तर झिंक फॉस्फाइड घ्या, पण परवानाधारक दुकानातून, बॅच नंबर असलेल्या बिलावर. आधी दोन-तीन दिवस विष न घालता नुसता तेल लावलेला ज्वारीचा भरडा ठेवा, नाहीतर उंदीर चाखून सावध होतो. शेजाऱ्यालाही सोबत घ्या. एकट्यानं केलं तर त्याच्या शेतातले तुमच्याकडं येतात.

आणि असले विक्रेते आले तर त्यांच्या मोटारसायकलचा नंबर टिपा. आमच्या पोरानं त्यांची गाडी धुऊन दिली होती, त्यालाही आठवत नाही.